अकरा फूट बाय नऊ

"मला सांगायला वाईट वाटतंय, पण गाठ साधी नाहीये," सुप्रभा फोनवर म्हणाली आणि नेमकी तेव्हाच कुकरने शिट्टी दिली.

गाठ फोनवरच्या इल्फर्डच्या आजींची होती. वाईट वाटत होतं ते त्यांच्या डॉक्टरांना. सुप्रभा फक्त मधली. इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या आपल्या घरात, जेवणाच्या टेबलाशी कानाला हेडफोन लावून बसायचं, डॉक्टरांचं इंग्रजी मराठीत करायचं आणि आजींचं मराठी इंग्रजीत, एवढंच तिचं काम. या कामात 'डॉक्टर असं म्हणतायत' म्हणायची सोय नसते. डॉक्टर 'मी' म्हणाले की आपणही 'मी' म्हणायचं, पेशंट 'मी' म्हणाली की पुन्हा 'मी'. पदरचं काही घालायचं नाही, ऐकलेलं काही गाळायचं नाही.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कुकर लावलाय का हो?"

नियम तो नियम. सुप्रभाने डॉक्टरांना इंग्रजीत विचारलं, तुम्ही कुकर लावला आहे का? तेवढ्यात तिचे यजमान शशिकांत यांनी स्वयंपाकघरातून मोठ्यांदा विचारलं, भात झाला असेल, बंद करू की अजून एक होऊ दे? आयुष्यभर भूल देऊन लोकांना गुपचूप झोपवलेला हा डॉक्टर, पण रिटायर झाल्यापासून त्याचा आवाज चारचौघांत घुमेल असा झाला होता. आजींनी तेही ऐकलं.

"एक होऊ दे अजून," त्या म्हणाल्या, आणि मग रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुभाषे पुरवणाऱ्या एजन्सीचा ईमेल आला. पेशंटची माहिती गोपनीय असते, दुभाष्याने दार बंद होणाऱ्या खोलीतच बसलं पाहिजे, मागे घरातले आवाज येतात ही दुसरी तक्रार आहे, तिसरी आली तर कॉल देता येणार नाहीत. भाषा अगदी गोड होती. सुप्रभाच्या ते जिव्हारी लागलं. सव्वीस वर्षं तिने हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर काढली होती. समोर काच, काचेला भोक, आणि त्या भोकातून दिवसभर लोकांची नावं, जन्मतारखा आणि वैताग आत यायचा. स्वतःचा म्हणावा असा एक ड्रॉवर नव्हता. टेबलाचे खण तीन शिफ्टच्या सहा बायकांत वाटलेले, आणि तिच्या वाट्याच्या खणात नेहमी दुसऱ्या कुणाची तरी बिस्किटं. रिटायर झाल्यावर हे दुभाष्याचं काम मिळालं आणि सत्तरीच्या तोंडावर बाईला पहिल्यांदा वाटलं, की आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय. ते आता एका शिट्टीपायी जाणार होतं.

दार लागणाऱ्या खोल्या वरच्या मजल्यावर तीन. एक त्या दोघांची, जिथे शशिकांत दिवसातून दोनदा आडवा होई. एक ईशानीची, म्हणजे नॉटिंगहॅमला असणाऱ्या त्यांच्या मुलीची लहानपणची. तिच्यात बॉयलर आणि शशिकांतची जुनी जर्नलं सुखाने नांदत होती. आणि तिसरी दादांची.

दादा म्हणजे कमलाकर, शशिकांतचा थोरला भाऊ, मुक्काम सातारा. गंमत अशी की दादांनी या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. या देशातच टाकलं नव्हतं. वडील गेले तेव्हा शशिकांत शाळेत होता आणि दादा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. दादांनी कॉलेज सोडलं, जिल्हा परिषदेत कारकुनी धरली आणि धाकट्याला डॉक्टर केलं. मग धाकटा इकडे आला, त्याने हे घर घेतलं आणि पहिल्याच एप्रिलमध्ये दादांना आमंत्रणाचं पत्र लिहिलं. व्हिसासाठी असं पत्र लागतं: मी माझ्या भावाला बोलावतो आहे, तो माझ्याकडे राहील, त्याच्यासाठी वेगळी खोली आहे. त्यानंतर दर एप्रिलला एक पत्र गेलंच. कधी वहिनींचे गुडघे आडवे आले, कधी नातवाची दहावी. मग वहिनीच गेल्या, मग कोविड आला, आणि आता दादांची नजर गेली होती. पत्र मात्र चुकलं नाही. 'खोली अकरा फूट बाय नऊ. खिडकी पूर्वेला, खिडकीखाली रेडिएटर. आत शिरताच डावीकडे डबल बेड. मागे शेजाऱ्यांचं सफरचंदाचं झाड.' आता व्हिसा ऑफिसरला सफरचंदाच्या झाडाशी काय देणंघेणं? पण ते झाड छत्तीस पत्रांत होतं.

सुप्रभाने ईमेल वाचून दाखवला आणि म्हणाली की त्या खोलीत मी बसते. शशिकांतने चष्मा काढून पुसला. तो चष्मा पुसायला लागला, की समजावं गडी अडून बसणार.

"आणि दादा आला तर?"

"अहो, त्यांना सत्त्याऐंशी झाली. खालच्या चौकातसुद्धा येत नाहीत ते."

त्या दिवशी शशिकांत संध्याकाळी फिरायलाही गेला नाही. सुप्रभाला वाटलं, आपण जरा कमी बोलायला हवं होतं. पण बोललो ते खोटं नव्हतं, आणि दोन खोल्यांत दोन माणसं गप्प बसली की घर किती मोठं होतं ते तिला त्या आठवड्यात कळलं.

आठवडा गेला. मग एका सकाळी ती बाजार घेऊन आली तर बेड घरासमोर, गेटच्या आत, उभा करून ठेवलेला. गादीवर प्लॅस्टिक तसंच होतं. वीस वर्षांपूर्वी दादांसाठीच ती नवी घेतली होती. जुनं सामान न्यायला कौन्सिलची गाडी दुपारी येणार होती. शशिकांत पुढच्या खोलीच्या खिडकीशी उभा होता, आणि गाडी बेड घेऊन कोपऱ्यावर वळेपर्यंत तिथून हलला नाही. मग म्हणाला, "दादाला सांगायचं नाही. एवढं पाळ." तिने बरं म्हटलं.

रिकाम्या खोलीत ती पहिल्यांदा एकटी जाऊन उभी राहिली, तेव्हा सकाळचं ऊन भिंतीवरून हळूहळू खाली उतरत होतं. कार्पेटवर बेडच्या पायांचे चार खड्डे होते. कुणी नाही, काही नाही, नुसतं ऊन. आणि तिथे उभ्या उभ्या तिला अठ्ठ्याहत्तर सालातलं एक दार आठवलं.

नोकरीच्या मुलाखतीला गेली होती ती. साडीवर कार्डिगन, चपलेत मोजे. बाहेर बसवलं होतं आणि समोरचं दार अर्धं उघडं होतं. आत मिसेस पार्किन नावाची एक सेक्रेटरी एकटीच बसलेली. तिरप्या, बारीक पायांचं सागवानी टेबल. मान वाकवलेला पितळी दिवा. मोहरीच्या रंगाची गादी असलेली, लाकडी हातांची खुर्ची. मागची भिंत शेवाळी हिरवी. बाईने टाइपरायटरमध्ये कागद चढवला, ड्रॉवर उघडला, काहीतरी आत ठेवलं, बंद केला. एवढंच. मग उठून, अगदी सहज, तिने दार लावून घेतलं. तेवीस वर्षांच्या सुप्रभाला तेव्हा इंग्रजांच्या राणीचा नाही, त्या बाईचा हेवा वाटला होता. पुढे संसार, मुलगी, शिफ्टा. पण बस चुकली, डोकं दुखलं, काचेपलीकडून कुणी टाकून बोललं, की ती मनातल्या मनात त्या खोलीत जाऊन बसायची आणि दार लावून घ्यायची. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार काय, हसले असते.

या वेळी ईशानीला सांगितलं. ईशानी फोनवर ओरडलीच. "आई, that's mid-century, साठ सालची स्टाईल! आता तर सगळे तेच करतात. तुझा खोली कसला मस्त होणार आहे." मराठीची वाट लावत का होईना, पोरीने मनावर घेतलं. दोन वीकेंड नॉटिंगहॅमहून येऊन तिने कार्पेट उखडलं, खालच्या फळ्या घासल्या, वॉलपेपरचे चार थर ओरबाडले. रंगाच्या दुकानात सुप्रभाने अकरा हिरवे नाकारले आणि बारावा पाहून म्हणाली, हा. खिडकीची भिंत शेवाळी झाली, बाकीच्या तीन सायीच्या रंगाच्या.

टेबल जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये सापडलं, तिरप्या पायांचं, उजवीकडे तीन ड्रॉवर. ते वर चढवताना शशिकांत धापा टाकत म्हणाला, हे घर घेतलं तेव्हा आधीच्या म्हातारीचं हेच असलं टेबल तूच मला टिपवर, कचऱ्याच्या डेपोत, टाकायला लावलंस, म्हणे मेलेल्या माणसाचं जुनंपानं घरात नको. खरं होतं ते. अठ्ठ्याऐंशी साली तिला सगळं नवं हवं होतं, चकचकीत, पांढरं. आता तिने जुन्या सुती परकराची चिंधी घेतली, तेलात बुडवली आणि तीन दिवस त्या सागवानाला मालिश केलं. लाकूड आधी सुकं, राखट होतं. तिसऱ्या दिवशी ते मधासारखं दिसायला लागलं. खुर्ची ईशानीने कुठूनशी आणली. लाकडी हातांची. गादी मोहरीची.

जूनच्या एका सोमवारी सुप्रभा आत गेली, तिने दार लावलं आणि दिवा लावला. भर सकाळी दिव्याची काही गरज नव्हती. पहिला ड्रॉवर उघडला, पेन आत ठेवलं, बंद केला. मग तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. खिडकीबाहेर सफरचंदाच्या झाडावर सुपारीएवढी फळं धरली होती. लांबून लंडनकडे जाणारी गाडी गेली. पहिला कॉल येईपर्यंत वीस मिनिटं गेली, आणि त्या वीस मिनिटांत आपण सत्तरीच्या आहोत की तेवीसच्या, हे तिला नीटसं सांगता आलं नसतं.

खोलीत काम छान व्हायला लागलं. खाली कुकर शिट्ट्या द्यायचा, शशिकांत एकटाच गर्जना करायचा, वर काही येत नसे. तो मात्र त्या खोलीत येत नसे. चहा दाराबाहेर जमिनीवर ठेवून जाई. दर रविवारी दादांचा फोन आला की तो खाली बोले, आणि वरचं दार उघडं असलं, की जिन्यावरून त्याचं एक ठरलेलं वाक्य ऐकू यायचं: "हो हो, खोली आहे तशीच." ते ऐकलं की सुप्रभाला खुर्चीची गादी टोचायला लागे.

जुलैतल्या एका रविवारी शशिकांत केस कापायला गेला आणि फोन घरीच विसरला. फोन वाजला. सुप्रभाने वर, टेबलाशी बसूनच घेतला.

"शशी नाही का? असू दे," दादा म्हणाले. "तू कुठं बसलीयस?"

"वर आहे, भाऊजी."

"माझ्या खोलीत?"

तिच्याने नाही म्हणवेना. हो म्हणाली. दादा म्हणाले, हसणार नसशील तर एक सांगतो. मग सांगितलं. दृष्टी गेल्यापासून दुपारी जेवून पडलं, की ते त्या खोलीत येतात. यंदाचं पत्र शिल्पाने, म्हणजे त्यांच्या सुनेने, त्यांना चार वेळा वाचून दाखवलंय. आधीची पाठच आहेत. दार उघडायचं. डावीकडे पलंग. त्याला हात लावत लावत पुढे जायचं, पलंग संपला की चार पावलं, की खिडकी. खिडकीखालच्या त्या गरम लोखंडावर हात ठेवायचे आणि झाड बघायचं. झाड त्यांना अगदी स्वच्छ दिसतं. मोहोराच्या वेळी मोहोर, फळाच्या वेळी फळं.

"इथं स्वतःच्या घरात मी सगळीकडे धडकतो गं," दादा म्हणाले. "तिथं नाही धडकत. एकदाही नाही. म्हणून तुला विचारतो. पलंग आहे तिथंच आहे ना? हलवलात तर सांगत जा बाई मला."

सुप्रभाच्या समोर शेवाळी भिंत होती. डावीकडे पलंगाच्या जागी नुसत्या फळ्या आणि त्यांच्यावर ऊन. 'आहे तिथंच आहे' एवढे तीन शब्द म्हटले की झालं असतं. नवऱ्याला शब्द दिला होता. म्हातारं माणूस सुखात होतं. पण तिला दिसलं, की दादा दुपारी डोळे मिटून आत येतात, डावीकडे हात लावतात, आणि हाताला काहीच लागत नाही. आणि पुढे, चार पावलांवर, जिथे काही नसायला हवं, तिथे हे टेबल.

"भाऊजी, पलंग काढलाय," ती म्हणाली. "मे महिन्यात. मी काढायला लावला. मला कामाला खोली हवी होती."

साताऱ्यातली एक रिक्षा तेवढी ऐकू आली.

"मग तिथं आता काय आहे?" बऱ्याच वेळाने दादांनी विचारलं.

तिने सांगितलं. घाई न करता, काही न गाळता. दार उघडलं की डावीकडे आता काही नाही, मोकळं आहे. पायाखाली लाकूड. सरळ पुढे खुर्ची, खुर्चीपुढे टेबल, टेबल खिडकीला लागून. उजवीकडे तीन ड्रॉवर. दिवा डाव्या हाताला.

"ड्रॉवरला किल्ली आहे?"

"भोक आहे, किल्ली हरवलीये."

"करून घे. आणि खुर्ची कसली? हातांची?"

"हो. लाकडी हात आहेत."

"हातांची," दादा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असं काही आलं जे तिने कधी ऐकलं नव्हतं. मग ते सांगत बसले. त्यांच्या ऑफिसात हात असलेली खुर्ची फक्त साहेबाला. कारकुनाची बिनहातांची. छत्तीस वर्षं बिनहातांच्या खुर्चीवर काढली, टेबल दोघांत एक. एकदा साहेब रजेवर होते तेव्हा मनात आलं होतं, बसून बघावं. शिपाई आत आला, राहून गेलं.

सुप्रभाला तिचा सहा बायकांतला खण आठवला. इतकी वर्षं ती या माणसाला मान देत आली होती, त्याच्या उपकारांबद्दल ऐकत आली होती. पण हा आपल्यासारखाच एक काउंटरमागचा माणूस आहे, हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे मला बसता येईल," दादा म्हणाले. "तुझी अडचण नाही ना होणार?"

"नाही हो. बसा ना," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता उठून उभी राहिली. खुर्ची रिकामी करून, फोन कानाला लावून ती भिंतीला टेकली. खुर्चीच्या हातांवर ऊन होतं. झाडावर एक पक्षी आला, गेला. असा किती वेळ गेला कोण जाणे. मग टेबलावरचा लॅपटॉप किणकिणला: कॉल आला होता, कुणातरी पेशंटला मराठी हवं होतं.

दादांनी ते ऐकलं. "काम आलं का? गोपनीय असतं ना तुझं. शशी सांगत होता. मी जातो बाहेर," ते म्हणाले, "दार ओढून घेतो." आणि फोन बंद झाला.

तो कॉल सुप्रभाने उभ्यानेच घेतला.

शशिकांत परत आला तेव्हा ती जिन्यात बसली होती. दादांना सांगितलं म्हणाली. त्याच्या मानेवर कापलेले केस तसेच होते. त्याने विचारलं, काय म्हणाला? तिने सांगायला सुरुवात केली आणि सवयीने तिच्या तोंडून तसंच निघालं, दादांचं दादांच्या शब्दांत: मी दुपारी जेवून पडलो की तिकडे येतो. मी तिथं धडकत नाही. मी एकदा बसणार होतो, शिपाई आत आला. पदरचं काही घातलं नाही, काही गाळलं नाही. शशिकांत कठडा धरून ऐकत राहिला. शेवटी शेवटी तो रडत होता, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. शशिकांत कागद घेऊन उभा होता. आत येऊ का, असं त्याने विचारलं. एप्रिल नव्हता, पण त्याला पत्र लिहायचं होतं, आणि या खेपेला पत्र मराठीत होतं. पासपोर्टचा नंबर नव्हता, व्हिसा ऑफिसरला नमस्कार नव्हता. 'खोली अकरा फूट बाय नऊ' इथपर्यंत लिहून तो अडला होता.

तो दारापाशी गेला, वळला आणि त्याने डोळे मिटले. हात पुढे धरून, फळ्यांवर पाय चाचपत, शहात्तर वर्षांचा तो माणूस पावलं मोजत आत आला. डावीकडे हात पसरून बघितला, मोकळं होतं. पाचव्या पावलाला त्याचा हात खुर्चीच्या पाठीला लागला. तिथेच तो डोळे मिटून उभा राहिला.

"साडेचार," तो म्हणाला. "पाच लिहू का?"

"आहे तेवढं लिहा," सुप्रभा म्हणाली.

त्याने साडेचार लिहिलं. मग झाडाबद्दल दोन ओळी लिहिल्या. तो लिहीत होता तोवर सुप्रभाने पेन्सिल घेतली, गुडघे धरत खाली बसली आणि खुर्चीच्या चारही पायांभोवती जमिनीवर बारीक खुणा केल्या. रोज काम संपलं की ती खुर्ची त्या खुणांवर नेऊन ठेवते, दिवा मालवते आणि दार ओढून न घेता खाली येते.